हाकेतली मोकळी जागा

डिसेंबर सरत आला, बारामतीच्या मंडईत हुरड्याची कणसं दिसायला लागली, की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. पेटीवर बसलो तर बोटं एका जुन्याच चालीकडे वळतात. स्वयंपाकघरातून बायको म्हणते, "झालं, आली तुमची पाखरं." गेली कित्येक वर्षं ती हेच म्हणते. त्या चालीचा आणि पाखरांचा संबंध नेमका काय, हे मलाच धड सांगता येत नाही.

यंदा मात्र सांगावं लागणार असं दिसतंय. मुक्ता नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे. गळा गोड, पण प्रश्न तिखट. तिनं माझी ती जुनी चाल नव्यानं ध्वनिमुद्रित करायचं मनावर घेतलंय. परवा येऊन बसली आणि म्हणाली, "सर, मुखड्याची पहिली ओळ संपली की अर्धं आवर्तन मोकळं आहे. तिथं शब्द नाही, सूर नाही, काही नाही. मी तिथं बासरी घालू का व्हायोलिन?"

मी म्हणालो, "बघू."

"आणि सुरुवातीला तुम्ही थोडं बोला ना. या चालीमागची प्रेरणा वगैरे."

मी पुन्हा "बघू" म्हणालो. मी काहीतरी लपवतोय असं तिला वाटलं असणार. लपवण्यासारखं माझ्याकडे असतं तर बरंच झालं असतं.

'प्रेरणा' हा शब्द मला पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपबशीसारखा वाटतो. घरात रोज कुणी त्यात चहा पीत नाही, पण कुणी आलं की ती बाहेर निघते. चाल सुचत असते तेव्हा हा शब्द आसपासही फिरकत नाही. तेव्हा तोंडात काहीतरी घोळत असतं, हातातलं काम चुकत असतं, समोरचा काय म्हणाला ते ऐकू येत नाही आणि घरचे चिडलेले असतात. मग पुढे कधीतरी सत्कार होतो, गळ्यात हार पडतो, निवेदक विचारतो, आणि आपण कपाट उघडून कपबशी काढतो.

बावड्याच्या शाळेत मी संगीत शिक्षक होतो तेव्हा शाळेसाठी एक प्रार्थना बांधली होती. तिची प्रेरणा म्हणजे बारामतीच्या स्टँडबाहेरची रसवंती. इंदापूरची गाडी लागेपर्यंत मी तिथं बसायचो. चरकाला घुंगरं बांधलेली होती, त्यांची एक लय होती, आणि कांडं जाड आलं की ती लय जरा अडखळायची. तेच अडखळणं मी प्रार्थनेत घातलं. मुलं ती प्रार्थना भलतीच उत्साहानं म्हणायची. हेडमास्तर म्हणाले, मुलांत भक्तिभाव चांगला रुजलाय. 

एक अंगाई केली, ती दौंडहून बारामतीला येणाऱ्या गाडीच्या चालीवर. त्या गाडीला कधीच घाई नसायची, त्यामुळे अंगाईला बरी पडेल असं वाटलं. माझी स्वतःची मुलगी त्या अंगाईनं एकदाही झोपली नाही.

या दोन्हींबद्दल माझ्या मनात गोंधळ नाही. घुंगरं होती, गाडी होती, ती मी ऐकली. गोंधळ आहे तो त्या तिसऱ्या चालीबद्दल, आणि नाव झालं ते तिचंच. तिच्याविषयी मी एका कॉलेजात सांगितलं की ती रेल्वेवरून सुचली. दुसरीकडे म्हणालो, रानातल्या वाऱ्यावरून. एका सत्काराला सांगितलं, माझ्या आत्याच्या हाकेवरून. जे जे सांगितलं ते त्या त्या वेळी मला खरं वाटत होतं. पण आतून मी आत्याच्याच बाजूनं होतो. ती चाल आत्याची असावी अशी माझी फार इच्छा होती, आणि त्याला कारण होतं.

हिराआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. आजोबांनंतर ती गेली आणि मोरगावच्या अलीकडे असलेली कोरडवाहू जमीन तेवढी उरली. वडील नोकरीसाठी बारामतीला आले, रान आत्यानं सांभाळलं. पावसाळ्यात बाजरी, थंडीत शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी. शाळूचं कणीस दुधाळ होऊन चिकात आलं की पाखरं तुटून पडतात. चिमण्या, साळुंक्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे भोरड्या. हजारांनी येतात, आणि बसल्या की पाटीभर ज्वारी पोटात घालून उठतात. म्हणून रानात मचाण बांधायचं, वर चढून बसायचं, गोफण फिरवायची आणि हाक द्यायची.

या हाकेची आमच्याकडे एक रीत होती. प्रत्येक बाईची हाक वेगळी. एकीनं हाक दिली की शेजारच्या रानातलीनं लगेच जबाब द्यायचा. कारण उघड आहे. नुसती आपलीच पाखरं उठवली तर ती शेजारणीच्या रानात जाऊन बसतात. म्हणून समोरून जबाब आल्याशिवाय दुसरी हाक द्यायची नाही. जबाब आला की समजायचं, शेजारीण जागी आहे, दोन्ही रानं राखली जातायत.

आत्याच्या शेजारचं रान गोदामावशीचं. तिच्या सासऱ्यांनी बाबासाहेबांमागोमाग धम्म घेतलेला, घरावर कायम निळा झेंडा. मुलगा शिकून पुढे पुण्याला नोकरीला लागला. आत्या आणि गोदामावशी एकाच वयाच्या, दोघींचं अगंतुगं, आणि भांडण झालं नाही असा आठवडा मी पाहिलेला नाही. पण हाकेला जबाब चुकला नाही.

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्याची ही गोष्ट. बावड्याची माझी नेमणूक तात्पुरती होती, ती दिवाळीला संपली. पुढचं काही ठरलेलं नव्हतं. आणि त्याच सुमारास आत्याच्या घशातली गाठ बारामतीच्या दवाखान्यात काढावी लागली. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली. आवाज परत येईल, असं ते म्हणाले होते. शाळू नेमका चिकात आलेला. मी मोकळाच होतो, म्हणून वडिलांनी मला रानात पाठवलं.

बावड्याकडून मोरगावाकडे येणं म्हणजे मुलूख बदलणं. तिकडे कालवा, ऊस, हिरवंगार, सगळीकडे चिखलाचा वास. इकडे खडकाळ माळ, शेळ्या, आणि सकाळच्या उन्हात शाळूच्या पानांचा कोरडा सळसळाट. मला तो आवाज उसाच्या आवाजापेक्षा जास्त आवडायचा. ऊस एकदम गडबड करतो, शाळू जरा विचार करून बोलतो असं वाटायचं.

आत्यानं खुणेनं मला मचाणावर बसवलं आणि हाक द्यायला सांगितलं. मी शिकलेला गळा लावला. साळुंक्या मान वाकडी करून बघत राहिल्या. एकही उठली नाही. पलीकडच्या बांधावरून गोदामावशी ओरडली, "मास्तर, गाऊ नका वं. जेवताना गाणं आइकाया मिळालं म्हणून आजून दोन घास जास्त खात्यात ती."

आत्या आवाज न करता हसली. तिचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या हिवाळ्यात तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

मग माझ्याकडे पत्र्याचा डबा आला. गोफण मला जमली नाही, एक धोंडा आमच्याच कौलांवर गेला. मी डबा बडवायचो, आत्या शेजारी बसायची. हाक गोदामावशी द्यायची. आत्याला जबाब देता येत नव्हता म्हणून तिनं गोफणीला पांढरं फडकं बांधलं होतं, ती हात वर करून ते फडकं हलवायची. एवढं मला स्पष्ट आठवतं. पण तेव्हा त्याकडे माझं लक्ष नव्हतं. माझं लक्ष होतं आत्याच्या जुन्या हाकेकडे.

लहानपणी सुटीत आलो की ती हाक मी ऐकायचो. चुलीजवळ बसलो असलो तरी ऐकू यायची. लांबलचक, थोडी तिरपी, शेवटी वाऱ्यावर सोडून दिल्यासारखी. आता ती नव्हती. डॉक्टरांची मुदत संपली तरी आवाज आला नाही. फक्त वारा यायचा, शब्दांच्या आकाराचा. त्या दिवशी आत्या गोठ्यात जाऊन बराच वेळ बसली. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटण्याबरोबर एक घाईही झाली. ती हाक कुणी कुठं टिपून ठेवली नव्हती. ती फक्त ऐकणाऱ्यांच्या कानात होती, आणि त्यातला गाणारा मी एकटाच.

म्हणून मी ती आठवत बसलो. सकाळी पाखरांच्या वेळी, दुपारी कडब्याच्या सावलीत, उन्हं कलताना पुन्हा मचाणावर. बावड्याच्या मराठीच्या मास्तरांचं एक गीत मला पाठ होतं, त्याचे शब्द तिच्यावर बसवत राहिलो. डब्यावर ठेका धरायचो. एक दिवस ओळ बसली, आणि ती संपल्यावर पुढची ओळ काही केल्या लगेच सुरू होईना. मध्ये थांबावंसं वाटलं. थांबलो. मग पुढची आली. हे असं का, हे मी स्वतःला विचारलंही नाही. चाल झाली याचाच आनंद होता. आत्याची हाक वाचली, असं मला वाटलं.

ती चाल माझ्यापेक्षा जास्त फिरली. इंदापूरच्या स्नेहसंमेलनात गेली, बारामतीत एका मित्रानं तिची कॅसेट काढली. शब्द आता कुणाला आठवत नाहीत, चाल आठवते. तबलजी त्या मोकळ्या जागेत हटकून तुकडा वाजवायचे आणि मी हटकून भांडायचो. "अहो, इथं जीव गुदमरतो," एक जण म्हणाला. मी म्हणालो, "गुदमरू द्या." कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आणि लोकांचं तर आणखी अवघड. पाखरं हाकलायची चाल ती, पण ऐकणारे डोळे पुसायचे. गेलेल्या माणसाला कुणीतरी बोलावतंय असं वाटतं म्हणायचे. मला कळेना, 'जा' म्हणणारी हाक 'ये' कशी झाली. माझ्या हातून काहीतरी उलटसुलट झालंय, अशी शंका मला तेव्हापासून आहे.

कॅसेट मी आत्याला नेऊन दिली होती. ती ऐकून काही बोलली नाही. कुजबुजीएवढं बोलणं तिला पुढे जमायला लागलं होतं, तरीही बोलली नाही. भरून आलं असेल, असं मी ठरवून टाकलं.

मुक्ताच्या प्रश्नानं हे सगळं पुन्हा ढवळून काढलं. म्हटलं, आत्या आहे तोवर विचारून तरी घ्यावं. गेल्या रविवारी दुपारच्या गाडीनं मोरगावच्या अलीकडे उतरलो. आत्या आता पार वाकलीय. गोदामावशी आमच्याच बांधावर तिच्याशेजारी बसली होती, पुढ्यात हुरड्याची कणसं. तिच्या रानातला हा शेवटचा शाळू. पुढच्या साली तिचा पुण्याचा मुलगा तिथं डाळिंब लावणार आहे, आणि डाळिंबाला जाळी लागते, मचाणावरची बाई लागत नाही.

चहा झाला, कुणाकुणाची विचारपूस झाली. मग मी मोबाइलवर ते गाणं लावलं. दोघी माना खाली घालून ऐकत होत्या. शाळूत वारा फिरत होता.

"आत्या, ही तुझीच हाक ना?" मी विचारलं.

"माझी?" आत्या कुजबुजली आणि तिनं गोदामावशीकडे पाहिलं.

गोदामावशी कणीस चोळता चोळता म्हणाली, "ही माझी हाय."

मला वाटलं, चेष्टा करतेय. "मावशी, नीट ऐका."

"आरं बापू, आइकलीया की. ह्याची कॅसेट न्हवती का तू दिल्याली? ती गुतली मशीनीत. मग फीत वडून काढली आन् माझ्या रानात ह्या कडंपासून त्या कडंपतुर बांधली. उनात चमकायची, वाऱ्यानं घुंग करायची. दोन सालं एक पाखरू बसलं न्हाय." ती खूश होऊन हसली. "लई कामाला आलं तुझं गाणं."

"पण हाक आत्याची होती," मी म्हणालो. माझा आवाज लहान मुलासारखा निघाला.

"त्या साली हिला आवाज कुठं हुता? दोन्ही रानांची हाक मीच देत हुते. तू डबं बडवत बसल्याला. मग तू काय आइकलंस? माझंच की."

"मी लहानपणी ऐकलेली आठवून केली."

"लहानपणचं काय याद ऱ्हातंय," ती म्हणाली, पण उगाच रागावून नव्हे.

मी आत्याकडे वळलो. "तुझी कशी होती मग?"

आत्यानं तोंड उघडलं. नुसता वारा आला. मग तिनं हातानं दाखवलं, खालून वर. माझी चाल वरून खाली येते. मी हताश झालो.

गोदामावशीला मात्र ते पटलं नाही. "न्हाय गं हिरे, तुजी बी वरनंच यायची."

आत्या जोरात मान हलवून कुजबुजली, "खालनं."

"वरनं. मी आइकत हुते का तू?"

"माझ्या तोंडातनं निघत हुती का तुझ्या?"

दोघींचं चांगलंच जुंपलं, एकीचा आवाज आणि दुसरीचे हातवारे. मी दोघींकडे आळीपाळीनं बघत बसलो. जी हाक मी वाचवली म्हणून इतकी वर्षं मनात मिरवलं, ती वरून यायची की खालून, यावरही एकमत नव्हतं. ती गेली होती. माझ्याकडे ती कधी नव्हतीच. मला रडू येईल असं वाटलं आणि त्याच वेळी त्या भांडणाचं हसूही येत होतं.

"मग या चालीत आत्याचं काहीच नाही?" मी विचारलं.

गोदामावशीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "लाव बगू पुन्यांदा."

मी लावलं. पहिली ओळ झाली. ती संपली तशी मावशीनं बोट वर केलं. "हितं."

"इथं तर काहीच नाही, मावशी."

"हितंच तर ती हाय. हिचा जबाब यायचा न्हाय, मग मी हाक दिली की हिकडं बगायची. हिनं फडकं वर केलं की फुडली हाक. हात उठंस्तवर थांबायचं. रीतच हाय ती."

आत्या कणसातले दाणे तळहातावर पाखडत राहिली.

मला ते खरं वाटलं आणि खोटंही वाटलं. मी त्या मचाणावर आत्याला खेटून बसलो होतो. तिचा हात माझ्या कानाजवळून वर जायचा, फडक्याचा वारा लागायचा. मी तो ऐकला होता का? जे ऐकू येत नाही ते चालीत कसं येतं? की गोदामावशी मला बरं वाटावं म्हणून सांगत होती? मैत्रिणीला चालीतून पार काढून टाकायचं तिच्या जिवावर आलं असेल, म्हणून ही जागा तिला दिली असेल. मी विचार करत होतो आणि काहीच ठरत नव्हतं.

उन्हं कलली. माळावरून भोरड्यांचा थवा वळला तसं आत्यानं गोदामावशीला कोपरानं ढोसलं. मावशी उठली, गुडघ्यावर हात ठेवत आपल्या बांधावर गेली आणि तिनं हाक दिली. आवाज चिरका झालेला, दम कमी पडत होता, पण ती माझी ओळ होती. तिची ओळ होती. ओळ संपली आणि ती थांबली, आमच्याकडे बघत. सवयीनं माझं बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं. आत्याचं डोकं खालीच होतं, नजर कणसावर, पण तिचा उजवा हात उठला. फडकं नव्हतं, नुसता सुरकुतलेला हात. तो पुरता वर गेला तेव्हाच माझं बोट पुढच्या आवर्तनावर पडलं, आणि तेव्हाच पलीकडून दुसरी हाक आली. थवा दोन्ही रानांवरून निघून गेला.

खिशात मोबाइल वाजला. मुक्ता होती. "सर, त्या मोकळ्या जागेचं काही ठरलं का? काय घालू?"

"काही घालू नकोस," मी म्हणालो. "तिथं माणूस आहे."